एका रेघेवरचं कुंकू

मोठे सर अजून जिवंत आहेत, हे आधी लिहून ठेवतो. पुढं जे लिहिणार आहे ते मेलेल्या माणसाच्या माघारी लिहिलं, असं कोणी म्हणू नये. नव्वदीला आले आहेत, डोळे पार गेले आहेत, पण कान शाबूत आहेत, आणि वाशीमातल्या आपल्या घराच्या ओसरीत रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात. माझी इंदू मात्र गेली. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांचा सत्कार आहे, त्यांच्यावर पुस्तक काढून राह्यलो, तुमी जुने माणूस, लॅबमधे होते, एखादी चांगली आठवण लिहून द्या. मी म्हटलं, लिहीन. चांगली आठवण त्यांना कोणी ना कोणी देईल. माझ्याजवळ जी आहे ती मी माझ्या या वहीत लिहितो.

मी सातवी नापास. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभर आत. घरी चार एकर कोरडवाहू आणि आम्ही पाच भाऊ, म्हणून आईनं मला वाशीमला तिच्या भावाकडं पाठवलं. मामाची पिठाची गिरणी होती. मामानं कोणाच्या तरी हातापाया पडून मला कॉलेजात चिकटवलं, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. काचा पुसायच्या, दिवे लावायचे, पडदे ओढायचे, सरांना चहा आणायचा. सहा महिन्यांत मला कोणतं भिंग कोणत्या खणात ते डोळे मिटून सांगता येत होतं. मार्कांच्या परीक्षेत मी नापास होतो, पण हाताला मी कधी नापास नव्हतो.

मामाचं घर गिरणीला लागूनच. सकाळी सातला इंजिन सुरू व्हायचं आणि त्याच्या धुराड्यावर मामानं उपडा घातलेला डबा पुक-पुक करायला लागायचा. तो आवाज दिवसभर घरात राहायचा, बोलण्यात, जेवणात, देवाच्या आरतीत. आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो, अजून मी मोठ्यानंच बोलतो. दुपारी इंजिन बंद झालं की एकदम कानात काहीतरी पडल्यासारखं व्हायचं आणि मग स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज ऐकू यायचा. पीठ सगळ्यावर बसायचं. देवावर, दारावर, मामाच्या भुवयांवर. पुढं मामाचे केस खरोखरचे पांढरे झाले तर दोन वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण आणि पाट्यावरचा ठेचा. तो ठेचा इंदू वाटायची. इंदू मामाची एकुलती एक पोरगी, सतरा-अठराची. आमचं लग्न होणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी भांडल्याशिवाय बोलतच नव्हतो.

पुढच्या खोलीत भाड्यानं धाकटे सर राहायचे. पुण्याकडचे, एकटे, अंगानं काडी. कॉलेजात फिजिक्स शिकवायला नवे आले होते. दोन वर्षं कच्च्या नोकरीवर, पुढं कायम करायचं की नाही ते मोठ्या सरांच्या शेऱ्यावर. मोठे सर म्हणजे खात्याचे प्रमुख. धाकटे सर जेवायला आमच्यातच. पहिल्या दिवशी त्यांनी ठेचा भाजीएवढा वाढून घेतला, एक घास खाल्ला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी छान आहे, छान आहे म्हणत राहिले. इंदू आत जाऊन पदर तोंडात धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळा, दाण्याचा कूट घातलेला. माझ्यासाठी तिनं कधी काही वेगळं केलं नाही, हे मी तिला पन्नास वर्षं ऐकवलं.

दोघा सरांचं भांडण कशावरून होतं ते आता सांगतो. मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो, आणि मला वाटतं पुष्कळ कळलं, कारण दोन वर्षं रोज चार वाजता चहाचा ट्रे घेऊन मी त्या भांडणात उभा होतो. उजेड काय किंवा दुसरा कोणताही बारीकात बारीक कण काय, एका काचेवर जवळजवळ दोन रेघा ओरखडल्या आणि त्यांतून तो पलीकडं सोडला, तर पलीकडं दोन रेघा दिसत नाहीत. पट्टे दिसतात, उजेडाचा एक, अंधाराचा एक, असे पुष्कळ. कण एकेक करून सोडले तरी हळूहळू तेच पट्टे भरत जातात. एक रेघ झाकली की पट्टे गेले. इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढं मोठे सर म्हणायचे, कण या रेघेतून गेला की त्या रेघेतून, हे विचारायचंच नाही. मोजमाप केल्याशिवाय त्याला जागा नाही, वाट नाही. पाहिलं की आहे. त्याच्या आधी काय होतं हा प्रश्नच नाही, गणित करा आणि गप्प बसा. धाकटे सर म्हणायचे, असं कसं? कणाला वाट असते. त्याच्यासोबत एक लाट असते, ती दोन्ही रेघांतून जाते आणि कणाला पुढं नेते. कण एकाच रेघेतून जातो. आपण पाहो न पाहो, तो कुठंतरी असतोच. दोन्हींचं गणित शेवटी एकच येतं, असं ते म्हणायचे, मग जगाला गैरहजर का मांडायचं?

हा वाद मोठमोठ्या देशांत चालू आहे आणि अजून मिटलेला नाही, असं ऐकतो. वाशीमात तो एका टेबलाच्या दोन बाजूंनी चालायचा. मोठे सर काही मूर्ख नव्हते, हे कबूल करतो. त्यांचा नेम पक्का होता. एकदा ते म्हणाले, "तुमची ती लाट कोणी पाहिली आहे? न दिसणारी लाट मानायची आणि तिला विज्ञान म्हणायचं. मग आमच्या घरची बाई न दिसणारा देव मानते, तिला काय म्हणणार?" धाकट्या सरांचे कान लाल झाले. चहा तसाच राहिला.

रात्रीचं जेवण झालं की धाकटे सर हेच सगळं मामाला सांगायचे, कारण मामा ऐकून घ्यायचा. मामानं एकदा विचार करून म्हटलं, "म्हंजे मी गिरणीच्या वरच्या पाळीत दाणे टाकले, वरून झाकण लावलं. आता आत ज्वारी हाय का नाही? तुमच्या मोठ्या सरांच्या मतानं झाकण उघडेपर्यंत नाई. मंग बाहीर पीठ कायचं पडून राह्यलं जी?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी तिसरं एक मत सांगितलं. कोणी म्हणतात, दोन्ही गोष्टी घडतात, जग दोन होतात, एकात इकडून गेला, एकात तिकडून. इंदू भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, "म्हंजे एका जगात मी ह्या किसनले नाही म्हनलं असंन. त्या बाईचं भलं झालं."

दोन वर्षं भरत आली तेव्हा ठरलं की दसऱ्यानंतर दोन दिवसांनी विद्यापीठाकडून एक पाहुणे सर येणार. त्यांच्यासमोर धाकट्या सरांनी पट्ट्यांचा प्रयोग करून दाखवायचा, मग दोघा सरांनी या विषयावर बोलायचं, आणि पाहुण्यांच्या मतावरच मोठ्या सरांचा शेरा आणि धाकट्या सरांचं कायम होणं ठरायचं. मोठ्या सरांनीच ते जमवून आणलं होतं. धाकट्या सरांना वाटलं, चला, निदान ऐकून तरी घेतील. ते त्या नादात जेवणं विसरायला लागले.

कॉलेजातली दोन रेघांची काच जुनी, धूसर होती. सर म्हणाले, नवी करू. ती आमच्या घरी झाली. काचेची पट्टी काळी करायची होती, पण कंदिलावर धरली की काजळी कुठं जाड, कुठं पातळ. इंदू दोन दिवस पाहत राहिली आणि मग तिनं ती सरांच्या हातातून काढून घेतली. तिची आजी तान्ह्या पोरांसाठी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची, तशी तिनं वात बारीक करून, काच तिरपी धरून, सावकाश फिरवून काजळी धरली. अशी सारखी बसली, जणू काळा रेशमी कपडा. मग सरांनी दोन ब्लेडींच्या मधे सिगारेटचा पातळ कागद घालून त्या एकत्र दाबल्या आणि श्वास धरून एकदाच ओढल्या. दोन रेघा, केसाएवढ्या. गिरणीमागच्या पोत्यांच्या खोलीत आम्ही खिडकीवर गोधड्या टांगल्या, मी कॉलेजातून सोडियमचा दिवा आणि भिंगाची नळी आणली होती, आणि भर दुपारी त्या अंधारात सर्वांत आधी सरांनी पाहिलं, मग मी, मग इंदू. पिवळे पट्टे, उभे, सारखे, शेतातल्या नांगराच्या तासांसारखे. इंदू नळीवरून डोळा हलवेना. मी म्हटलं, सरक. ती म्हणाली, "थांब ना. मी काळं केलं म्हून दिसून राह्यले ते."

खंडेनवमीला आमच्याकडं गिरणीची पूजा असे. इंजिन, पाळ, तराजू, विळे, कुऱ्हाड, मामीचं शिवणयंत्र, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हात जोडायचे. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून आमच्या घरी ते गोडेतेलात कालवत. इंदूनं त्या वर्षी सरांच्या यंत्राचीही पूजा केली. दिव्याच्या खोक्याला लावलं, नळीला लावलं. काचेच्या पट्टीला लावताना तिनं फार विचार केला. काजळीची बाजू तिनं सोडली, कारण ती तिनंच धरलेली होती. मागच्या कोऱ्या बाजूला, दोन रेघांपासून थोडं बाजूला, अनामिकेनं एक बारीक टिकली. मी शेजारी उभा होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. ज्याच्यावर सरांचं पोट त्याला तिनं हात जोडले, एवढंच. दसऱ्याच्या सकाळी मी पुन्हा पाहिलं. पट्टे जसेच्या तसे होते. मग सगळं कपड्यात गुंडाळून आम्ही कॉलेजात नेऊन ठेवलं.

पाहुणे आले त्या दिवशी प्रयोगशाळा भरली होती. पाहुणे सर, मोठे सर, बाकीचे पाच-सहा प्राध्यापक आणि मागं पोरं. मी पडदे ओढले. दिवा तापून पिवळा झाला. धाकट्या सरांनी आपण न पाहता आधी पाहुण्यांना बोलावलं. मान म्हणून. पाहुण्यांनी डोळा लावला, नळी पुढं-मागं केली, पुन्हा लावला, आणि म्हणाले, मला तर नुसता पिवळा डाग दिसतोय. धाकट्या सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.  त्यांनी दिवा सरकवला, काच सरकवली, घामाघूम झाले. मोठे सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पाहुण्यांना म्हणाले की जो माणूस पट्टे दाखवू शकत नाही तो आता आपल्याला कणाची वाट दाखवणार आहे. पोरं हसली.

मला राहवलं नाही. मी पडद्याची दोरी हातात धरून म्हणालो, "मी पाह्यले होते जी पट्टे. दसऱ्याच्या सकाळी. याच काचेतून."

मोठे सर माझ्याकडं वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी विसरलो असतो. हसून म्हणाले, "किसन, तुझं पाहणं मोजमापात धरत नाहीत."

सगळी खोली हसली. पाहुणेही हसले. धाकटे सर हसले नाहीत, पण तेही माझ्याकडं पाहू शकले नाहीत. मग मोठे सर पुढं आले, म्हणाले, पाहू तरी काय झालं आहे. काच काढली, दिव्यासमोर धरली, उलटी केली. बराच वेळ धरली. मग "काचच खराब आहे" असं म्हणून ती कोटाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, आता चर्चेला बसू. चर्चा कसली होणार. धाकटे सर दहा मिनिटं बोलले, बोलताना वाक्यं तुटत होती. कोणी प्रश्नही विचारला नाही.

ते कायम झाले नाहीत. दिवाळीच्या आत त्यांनी खोली सोडली. मामा त्यांना स्टेशनावर सोडायला गेला, इंदूनं वाटेत खायला कणकेच्या बिट्ट्या आणि कुटाचा ठेचा बांधून दिला. पुढं कुठल्याशा गावी शिकवण्या घेत होते असं कळलं. मला त्यांचं एकच कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, "किसन, तू पट्टे पाहिलेस ना? मग ते होते. मला ते का दाखवता आले नाहीत, कळत नाही." त्यानंतर मी दोन कार्डं टाकली. दोन्हींचं उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझं आणि इंदूचं लग्न झालं. त्यानंतरच्या खंडेनवमीला मी प्रयोगशाळेची झाडझूड करत होतो. मोठे सर गावाला गेले होते, टेबलाच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. खणाच्या तळाशी टीपकागदात गुंडाळलेली काच सापडली. काजळी तशीच, रेशमासारखी. मी ती खिडकीशी नेली. मागच्या बाजूला इंदूची टिकली होती, पण आता ती टिकली राहिली नव्हती. तेल पसरत पसरत गेलं होतं आणि कुंकवाला घेऊन गेलं होतं. त्याची लाल कड बरोबर एका रेघेवर येऊन थांबली होती. दुसरी रेघ मोकळी. एक रेघ झाकली की पट्टे गेले, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

काच मी पुन्हा उजेडाकडं धरली. म्हणजे मोठ्या सरांनी त्या दिवशी काच दिव्यासमोर धरली तेव्हाच हे पाहिलं होतं. नुसतं बोटानं पुसलं असतं, तर पट्टे परत आले असते, पाहुण्यांनी पाहिले असते, सगळे कुंकवावर दोन घटका हसले असते आणि धाकटे सर कायम झाले असते. त्यांनी ते खिशात घातलं. अंधश्रद्धा म्हणून ओरडायला त्यांना केवढी मोठी संधी होती, तीही सोडली, कारण कुंकू दाखवलं असतं तर कारणही दिसलं असतं. जो माणूस आयुष्यभर सांगत आला की पाहिलं तेच खरं, त्यानं पाहिलेलं लपवलं. तेव्हापासून मला त्यांचा जो राग आला तो आजपर्यंत एका दिवसानंही जुना झाला नाही.

त्या रागात मी एक चूक केली. घरी गेलो आणि काच इंदूसमोर ठेवली. मला दाखवायचं होतं, पाहा हा माणूस कसा आहे. ती सणाच्या पुऱ्या लाटत होती. तिनं काच पाहिली, उजेडाकडं धरली. तिला मोठे सर दिसलेच नाहीत. तिला तिची टिकली दिसली. ती म्हणाली, "म्हंजे मी केलं हे." मी पुष्कळ सांगितलं, अवं, तू नाई, त्यानं. ती ऐकेना. त्या वर्षापासून मरेपर्यंत तिनं खंडेनवमीला कुठल्याही यंत्राला कुंकू लावलं नाही. गिरणीला मी लावायचो. पुढं घरात पंखा आला, मोटरसायकल आली, फ्रिज आला, ती लांब उभी राहून नुसते हात जोडायची. मोठ्या सरांनी एका माणसाची नोकरी घालवली असं लोक म्हणतील. मी म्हणतो, त्यांनी माझ्या बायकोचा हात कायमचा मागं ओढला. आणि तिला ते मी सांगितलं, हेही मी लिहितो. पण सांगायची पाळी कोणी आणली?

दीडेक वर्षानं माझी वेळ आली. पुन्हा विद्यापीठाची माणसं येणार होती, या वेळी तिघं, आणि मोठ्या सरांना कुठल्याशा मोठ्या समितीवर घ्यायचं चाललं होतं. त्यांनी तोच प्रयोग ठेवला. नवी काच, बाहेरून मागवलेली, पेटीतली. आदल्या दिवशी त्यांनी मला नळीशी बोलावलं, म्हणाले, बघ रे, नीट दिसतात का. मी म्हणालो, दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी इंदूच्या करंड्यातून चिमूटभर कुंकू घेतलं, गिरणीतल्या बुधलीतलं तेल दोन थेंब, आणि काडीच्या टोकानं एका रेघेवर फिरवलं. हात अजिबात हलला नाही. माझ्या हाताला धाकट्या सरांनी वळण लावलं होतं.

पहिल्या पाहुण्यांनी डोळा लावला. मग दुसऱ्यांनी. तिसरे म्हणाले, काहीतरी गडबड आहे. मोठ्या सरांनी स्वतः पाहिलं आणि त्यांची मान लाल झाली. काच काढून पाहावी हे त्यांना घाईत सुचलंच नाही. ते दिवा हलवत राहिले. मग त्यांनी मागं वळून मला हाक मारली, सगळ्यांसमोर. "किसन, तू काल पाहिलेस ना? सांग यांना. होते ना पट्टे?"

मी पडद्याची दोरी सोडली आणि हात जोडले. "मी काय सांगू जी? माझं पाहणं मोजमापात धरत नाहीत."

या वेळी कोणी हसलं नाही. मोठ्या सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग काचेकडं, आणि त्यांना सगळं समजलं. काच काढून त्यांनी ती बोटानं पुसली. बोट लाल झालं. ते बोट धोतराला पुसावं की रुमालाला, हेही त्यांना सुचेना. पट्टे परत आले, तिघांनी पाहिले, पण आता प्रयोगात कोणाचं लक्ष नव्हतं. एकानं विचारलं, हे कुंकू आहे का? मोठे सर म्हणाले, असेल काहीतरी. समितीवर दुसऱ्याच कोणाला घेतलं. मला पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून काढून दारावर बसवलं, घंटा द्यायला. बत्तीस वर्षं मी त्या कॉलेजची घंटा दिली. मोठे सर निवृत्त होईपर्यंत रोज माझ्यासमोरून आत गेले आणि बाहेर आले आणि एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मला ते चाललं. त्यांच्या हिशोबानं मी तिथं नव्हतोच.

त्या दिवशी मी उड्या मारत घरी आलो होतो. इंदू चुलीशी होती. सगळं सांगितलं, त्यांचं लाल बोट, त्यांची मान. लग्नानंतर ती मला तुमी म्हणायची, राग आला की तू. तिनं विचारलं, "कुंकू कोन्तं घेतलं?" मी म्हटलं, तुझ्या करंड्यातलं. तिनं भाकरी तव्यावरच जळू दिली. उठली, करंडा रिकामा केला, राखेनं घासला. मग म्हणाली, "आपल्या सरांले बलावलं काय कोनी परत? नाई ना. मंग तू कायले नाचून राह्यला?" चार दिवस बोलली नाही. ठेचा मात्र त्या चार दिवसांत असा केला की माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या. तिचं म्हणणं बरोबर असेल. मला पस्तावा तेव्हाही झाला नाही आणि आता या वयात तो आणायचा कुठून?

इंदू अकोल्याच्या दवाखान्यात गेली. अकरा दिवस मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर होतो. बाराव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, जा, चहा पिऊन या, तोंड कसं झालं पाहा. मी खाली गेलो. चहा कढत होता म्हणून बशीत ओतून प्यायलो. वर आलो तर पडदा ओढलेला. मी नर्सबाईंना विचारलं, शेवटी कोणी होतं काय जवळ? त्या म्हणाल्या, बाबा, आम्ही पाहिलं तेव्हा झालेलं होतं. कागदावर जी वेळ लिहिली ती डॉक्टरनं येऊन पाहिलं ती वेळ. त्याच्या आधी, मी बशीत फुंकर मारत होतो तेव्हा, ती होती का गेली होती, हे कोणालाच माहीत नाही. मोठे सर म्हणाले असते, तो प्रश्नच नाही. मी त्या दिवसापासून दुसरा प्रश्नच विचारत नाही. धाकट्या सरांचं मी आता मनापासून धरून बसलो आहे. कोणी पाहत नव्हतं तरी ती कुठंतरी होती, तिच्या वाटेवर होती, तिला काही वाटत होतं. हे खरं नसेल तर मला ते जग नको.

फोन आल्यावर आठ दिवसांनी मी मोठ्या सरांच्या घरी गेलो. वाटलं होतं, तोंडावर सांगावं, आठवण लिहितो, पण कोणती लिहू ते तुम्हीच सांगा. सकाळचे दहा वाजले होते. ओसरीत खुर्चीवर ते एकटेच होते, काळा चष्मा, मांडीवर हात. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली. "कोण?" मी पायरी चढलो आणि समोरच्या बाकावर बसलो. चप्पल काढून ठेवली. "कोण आलं आहे?" मी बोललो नाही. त्यांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, आवाज जरा उंच करून, "अरे, कोणी आहे का तिथं?" मी त्यांच्याकडं पाहत बसलो. त्यांची मान माझ्या बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा माझ्या बाजूला. हात पुढं करून त्यांनी हवेत चाचपलं. त्यांच्या बोटांत आणि माझ्या गुडघ्यांत वीतभर अंतर होतं. मी गुडघा मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही. "आहे का कोणी?" असं ते पाच वेळा म्हणाले, मी मोजलं. पाचव्या वेळेला आवाज फाटला. मग मी उठलो, चप्पल हातात घेतली आणि फाटक न वाजवता बाहेर आलो.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, पार घरापर्यंत बरं वाटत होतं. गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, त्या बाजूला आता काही आवाज नसतो. दार उघडलं. त्या दोन रेघांची काच मी अजून ठेवली आहे, देव्हाऱ्यात, तिच्या करंड्याशेजारी. कुंकू पुसलेलं नाही, पुसलं तर पट्टे दिसतील पण तिचं बोट जाईल. चप्पल अजून हातातच होती. मी स्वयंपाकघराकडं तोंड करून, सवयीनं, मोठ्यानं म्हणालो, "आहेस का वं?"

मग आणखी एकदा म्हणालो. किती वेळा म्हणालो ते मी मोजलं नाही.